सातबाऱ्यावर नाव आहे म्हणजे मालकी पक्की का?

शिवारकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर बसून दस्त लिहिणं हा माझा धंदा. मी वकील नाही, त्यामुळे खालचं वाचून थेट व्यवहार करू नका, कागद आपल्या वकिलाला दाखवाच. पण टेबलावर रोज येणारा एक प्रकार आहे, त्यावर एकदा सविस्तर लिहायचं होतं.

गिऱ्हाईक येतं, प्लास्टिकच्या फोल्डरमधून सातबारा काढतं, मालकाच्या नावावर बोट ठेवतं आणि म्हणतं, "नाव आहे ना? मग घ्या खरेदीखत लिहायला." विसार देऊन झालेला असतो. मागचा एकही फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद, काढलेला नसतो.

सातबारा हा महसुली कागद आहे. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद. सरकारला शेतसारा कोणाकडून घ्यायचा हे कळावं म्हणून ही व्यवस्था उभी राहिली. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता 1966 च्या कलम 157 प्रमाणे यातली नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानतात. "उलट सिद्ध होईपर्यंत" एवढे तीन शब्द लोक गिळून टाकतात. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही आणि संपतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने कितीतरी निकालांत सांगितलं आहे. मालकी येते खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणी, वारसा, मृत्युपत्र किंवा कोर्टाच्या हुकूमनाम्यातून. नोंद तिच्या मागून येते. कधी येतच नाही, आणि कधी चुकीची येते.

म्हणून सातबारा हातात आला की नाव नंतर बघा, नावाशेजारचा फेरफार क्रमांक आधी बघा. हे नाव इथे कशाच्या जोरावर बसलं? तो फेरफार काढा, म्हणजे गाव नमुना सहा. त्यात आधीच्या मालकाचं नाव सापडेल. मग त्याचं नाव कसं आलं ते बघा. असं निदान तीस वर्षं मागे जायचा रिवाज आहे. मी तर म्हणेन, जमीन वडिलोपार्जित असेल तर मिळतील तितके मागे जा. फार जुने फेरफार मोडी लिपीत असतात, ते वाचून देणारे लोक तालुक्याच्या गावी अजून मिळतात.

या उत्खननात सगळ्यात जास्त काय सापडतं, तर "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. वडील वारले, चार भाऊ आणि दोन बहिणी मागे. सगळ्यांची नावं लावण्यापेक्षा थोरल्याचं नाव एकत्र कुटुंबाचा मॅनेजर म्हणून लागलं. पुढे सातबारे नव्याने लिहिले गेले, कोणीतरी ती अक्षरं लिहायची विसरला आणि थोरला एकटाच मालक दिसायला लागला. आज त्याचा नातू जमीन विकायला बसलाय आणि त्याला स्वतःलाही हे ठाऊक नाही. तो खोटं बोलत नाही हो, त्याच्या हातातला कागदच अर्धा आहे.

दुसरं, इतर हक्काचा रकाना. लोक तिथे फक्त बँकेचा किंवा सोसायटीचा बोजा शोधतात. कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, "हस्तांतरणास बंदी", पुनर्वसनाचा शेरा हे सगळं त्याच रकान्यात बसलेलं असतं. आणि वर भूधारणा पद्धती वाचा. भोगवटादार वर्ग 1 असेल तर बहुतेक वेळा विकायला मोकळी. वर्ग 2 असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय व्यवहार करायचा नाही. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीला घ्यायची तर कलम 36 आणि 36-अ ची अडचण आहे, "बघू नंतर" म्हणून तिथे पैसे अडकवू नका.

प्रश्न असतील तर विचारा. जमेल तसं लिहीन.

नाना नगरकर

धागा चांगला आहे पण थोडं घाबरवताय. बँक सातबारा बघूनच पीककर्ज देते. सरकार अतिवृष्टीची मदत सातबारा बघूनच देतं. मग मालकी नाही असं कसं म्हणता? आमच्या पिढ्या सातबाऱ्यावरच गेल्या.

कोर्टाची पायरी

नाना, मालकी नाही असं ते म्हणत नाहीयेत. बहुतेक सातबारे बरोबरच असतात, म्हणून तर गाडा चाललाय. पण दोघं भांडत कोर्टात आले तर सातबारा हा पुराव्यातला एक कागद असतो, निकाल नव्हे. त्याच बँकेकडे जमीन गहाण ठेवून मोठं कर्ज मागा, ती पॅनेलवरच्या वकिलाकडून शोध अहवाल, म्हणजे मालकीची मागची साखळी तपासलेला अहवाल, मागवते.

अजून एक, कारण यात लोकांची वर्षं वाया जातात. फेरफाराची नोंद धरली की हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीला पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर किंवा नामंजूर करतो. नंतर अपील प्रांताकडे. ही सगळी साखळी नोंदीच्या वादाची. मालक कोण हे ठरवायचा अधिकार त्यांच्यापैकी कोणालाही नाही, तो दिवाणी न्यायालयाचा. लोक प्रांत, अपर जिल्हाधिकारी, आयुक्त असे वर वर जात राहतात आणि शेवटी ऐकतात की दिवाणी दावा करा.

अनुपमा_ठाणे

शेतीवाल्यांचं बोलणं चाललंय पण फ्लॅटवाल्यांचं काय? आम्ही ठाण्यात वीसेक वर्षं जुन्या इमारतीत रीसेल फ्लॅट बघतोय. दलाल म्हणतो, शेअर सर्टिफिकेट क्लिअर आहे, लोन होऊन जाईल. पण सोसायटीच्या नोटीस बोर्डावर "कन्व्हेयन्सबाबत विशेष सभा" असं लावलेलं दिसलं. घाबरायचं का?

शिवारकर

ताई, बोर्ड वाचलात हे फार बरं केलंत.

फ्लॅटला स्वतःचा सातबारा नसतो, पण खालच्या जमिनीला असतो, किंवा शहरात मालमत्ता पत्रक म्हणजे प्रॉपर्टी कार्ड असतं. ते काढा आणि त्यावर कोणाचं नाव आहे बघा. बऱ्याच जुन्या सोसायट्यांत अजून मूळ जमीनमालकाचं किंवा बिल्डरचंच नाव सापडतं. 1963 च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्राच्या फ्लॅट मालकी कायद्याप्रमाणे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावे करून देणं बिल्डरवर बंधनकारक आहे. नाही दिली तर कलम 11 खाली मानीव अभिहस्तांतरण, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स, मागता येतं. अर्ज जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडे. कन्व्हेयन्स नाही म्हणून फ्लॅट घेऊच नये असं नाही, तसं म्हटलं तर मुंबई-ठाण्यात अर्ध्या इमारती बाद होतील. पण पुनर्विकासाची वेळ आली की जमीन कोणाच्या नावावर हा पहिला प्रश्न निघतो. त्या सभेचं इतिवृत्त मागा आणि भावात ते धरा.

शेअर सर्टिफिकेट म्हणजे सोसायटीचं सभासदत्व. तेवढ्यावर भागत नाही. बिल्डरने पहिल्या खरेदीदाराला दिलेला नोंदणीकृत करारनामा, मग प्रत्येक पुढच्या विक्रीचा दस्त, प्रत्येकाची सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा) आणि पावती, अशी अखंड साखळी हवी. मधला एक करार मुद्रांक कमी भरलेला किंवा बिननोंदणीचा निघाला तर ते निस्तरणं शेवटच्या खरेदीदाराच्या गळ्यात येतं. मूळ प्रती बघायच्या, झेरॉक्स नाही. मूळ करारनामा "हरवला" असं उत्तर आलं तर तो कुठल्या बँकेत गहाण तर नाही ना हे आधी तपासा.

कोर्टाची पायरी

पुरवणी. पार्किंग "विकत घेतलंय" असं विक्रेता म्हणाला तर विचारा, कसलं? उघडं किंवा स्टिल्टमधलं, म्हणजे इमारतीखालच्या खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला स्वतंत्र विकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये नहालचंद लालूचंद प्रकरणात सांगितलं. ते सोसायटीचं, वाटप सोसायटी करणार. आणि सोसायटीने हस्तांतरण शुल्क म्हणून लाखभर मागितले तर महापालिका हद्दीत कमाल मर्यादा 25,000 रुपयांची आहे. "विकास निधीला स्वेच्छा देणगी" अशी जी पावती फाडतात, तिच्यातली स्वेच्छा कोणाची असते ते आपण जाणतोच.

नवा_खरेदीदार

मी नवीन प्रोजेक्टमध्ये घेतोय. तिथे हे सगळं बघायची गरज नाही ना? महारेरा नंबर आहे.

कोर्टाची पायरी

महारेरा म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणारं राज्याचं प्राधिकरण. नंबर आहे म्हणजे तिथे नोंदणी आहे. प्रकल्प निर्दोष आहे असा दाखला नाही. पण त्या नंबराचा उपयोग असा की महारेराच्या संकेतस्थळावर जमिनीच्या हक्काचा वकिली अहवाल, मंजूर नकाशे, चालू खटले, ताबा द्यायची तारीख हे बिल्डरला टाकावंच लागतं. फुकट आहे, वाचा. नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्याचं कलम 13. ताबा लांबला तर कलम 18 प्रमाणे व्याज मागा किंवा बाहेर पडून पैसे व्याजासह परत मागा. बांधकामातला दोष ताब्यापासून पाच वर्षांत निघाला तर दुरुस्ती बिल्डरच्या खर्चाने. आणि भाव चटई क्षेत्रावर म्हणजे कार्पेटवर बोला, सुपर बिल्टअप विसरा.

रानवारा

इतके दिवस फक्त वाचत होते, आज लिहिते. वडील 2011 साली गेले. जमीन आजोबांपासूनची, सातारा जिल्ह्यात. आता भाऊ म्हणतात रस्त्यात जमीन जाणार, मोबदला मिळणार, तर बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करा. माझं लग्न 1990 साली झालं. गावातले एक जाणकार म्हणाले, 94 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्क नाही, सही फक्त औपचारिक आहे. मला भांडायचं नाही. पण खरं काय ते कळू दे.

कोर्टाची पायरी

ताई, तुमच्या जाणकारांनी अर्धी गोष्ट सांगितली. महाराष्ट्राने 1994 साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात स्वतःची दुरुस्ती केली होती, 22 जून 1994 पासून. तिने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलासारखा जन्मसिद्ध हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुलींना वगळलं. ते तेवढ्यापुरतं खरं.

पण 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती आली आणि तिच्यात लग्नाची अट नाही. त्यावरही वर्षानुवर्षं वाद झाले, वडील 2005 मध्ये हयात असायला हवेत की नकोत वगैरे. सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो वाद मिटवला: हक्क जन्माने आहे, वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही. तुमच्या बाबतीत वडील 2011 ला गेले, म्हणजे तो प्रश्नही नाही. बघायचं एवढंच की 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणी किंवा कोर्टाची वाटणी झाली होती का. "तोंडी वाटणी झाली होती" हे सहजासहजी ऐकून घेतलं जात नाही.

आणि समजा जमीन वडिलांनी स्वतः कमावलेली असती आणि मृत्युपत्र नसतं, तरी आई, मुलगे आणि मुली पहिल्या वर्गाचे वारस म्हणून समान. म्हणजे कुठल्याही बाजूने मोजलं तरी तुमची सही औपचारिक नाही. औपचारिक असती तर मागितली नसती.

नाना नगरकर

हे बरोबर असेल कायद्याने. पण आईवडिलांचं आजारपण, म्हातारपण भावाने आणि वहिनीने काढलं, शेत कसलं, कर्ज फेडलं. बहीण सणाला आली. मोबदला आला की समान हिस्सा? न्याय म्हणायचा का याला?

रानवारा

नाना, आईच्या शेवटच्या आजारपणात ती माझ्याकडे होती. पण जाऊ दे, तो विषय नाही.

शिवारकर

नाना, तुमचा मुद्दा माझ्या टेबलावर आठवड्यातून एकदा तरी येतो, आणि तो खोटा नसतो. पण सांभाळण्याचा हिशोब वारसा कायद्यात धरलेला नाही. वडिलांना तो धरायचा असेल तर त्यांनी स्वकष्टाच्या मालमत्तेचं किंवा आपल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदार लागतात, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. ते न करता मागे बहिणीला "मोठं मन कर" म्हणायचं, हे मला पटत नाही. असो.

रानवाराताई, हक्कसोडपत्राबद्दल. ते नोंदणीकृतच लागतं. तलाठ्यापुढे, म्हणजे हल्लीच्या ग्राम महसूल अधिकाऱ्यापुढे दिलेला जबाब किंवा मुद्रांक कागदावरची नोटरी चालत नाही. ते सहहिस्सेदाराच्याच लाभात करता येतं, तिसऱ्याच्या नाही. मोबदला घेऊन करता येतं आणि न घेताही. घेणार असाल तर रक्कम दस्तात लिहा, "नंतर देऊ" हे दस्तात नसलेलं वाक्य पुढे कोणी ऐकत नाही. आणि भूसंपादनाचाच प्रश्न असेल तर हक्क सोडायची गरजच नाही. वारस नोंदीत सगळ्यांची नावं लावा, मोबदला हिश्श्याप्रमाणे ज्याच्या त्याच्या खात्यात येऊ शकतो. उरलेल्या जमिनीचं काय करायचं ते मग शांतपणे ठरवा. सर्व कुटुंबाला एका दस्तात बसवायची घाई भावांना आहे, कायद्याला नाही.

रानवारा

आभारी आहे. शेवटचा पर्याय कोणी सांगितलाच नव्हता.

मावळ२गुंठे

माझा साधा प्रश्न. पुण्याजवळ दोन गुंठ्यांचा प्लॉट. "एनए होणार आहे." सातबारा सामाईक, त्यावर आम्हा दहा जणांची नावं लावून देणार. आत्ता साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र नोटरी करून. भाव फारच चांगला आहे.

कोर्टाची पायरी

भाव चांगला का आहे याचं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे.

नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. शंभर रुपयांवरच्या स्थावराचा हक्क नोंदणीकृत दस्तानेच जातो, नोंदणी कायदा 1908 चं कलम 17. साठेखत म्हणजे विकण्याचं वचन, त्याने मालकी मिळत नाही, हे मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 मध्येच लिहिलंय. साठेखत अधिक कुलमुखत्यार म्हणजे खरेदी, ही समजूत सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात मोडीत काढली. कुलमुखत्यार देणारा उद्या वारला तर ते पत्र साधारणपणे तिथेच संपतं आणि तुम्ही त्याच्या वारसांच्या दारात उभे.

एनए म्हणजे बिगरशेती. "एनए होणार आहे" याचा अर्थ आज ती शेतजमीन आहे. शेतजमीन घ्यायला तुम्ही स्वतः शेतकरी असायला हवं, कूळ कायद्याचं कलम 63. वर 1947 चा तुकडेबंदी कायदा आहे. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, बहुतेक जिल्ह्यांसाठी जिरायत 20 गुंठे, बागायत 10 गुंठे असं ठरलं. त्यानंतर शहरी पट्ट्यासाठी सवलतीही आल्यात, त्यामुळे तुमचा गट नेमका कोणत्या हद्दीत येतो ते तहसीलात लेखी विचारा, दलालाला नाही.

शिवारकर

सामाईक सातबाऱ्यावर दहा नावं म्हणजे काय होतं तेही सांगतो. तुमचा प्लॉट "तो कोपऱ्यातला" असं जे दाखवलंय ते कुठेच नोंदलेलं नसतं. कागदावर दहाही जण अख्ख्या गटाचे अविभक्त मालक. एकाने बँकेचा बोजा चढवला, एकाने दावा लावला, एक वारला आणि त्याच्या मुलांत भांडण लागलं की सगळे अडकले. सरकारी मोजणीचा नकाशा आणि मंजूर रेखांकन नसेल तर चतुःसीमा ही नुसती हवा.

बांदेकर म्हापसा

गोव्याबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. कारण पुणे-मुंबईचे बरेच लोक आमच्याकडे घरं घेतात आणि महाराष्ट्राच्या चष्म्यातून कागद बघतात. इथे सातबारा नाही, फॉर्म 1 आणि 14 आहे. पण मुख्य फरक कुटुंबाचा. पोर्तुगीज काळातल्या नागरी संहितेपासून इथे सगळ्या धर्मांना एकच कौटुंबिक कायदा आहे. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, अर्धी-अर्धी. म्हणून विक्रीच्या दस्तावर दोघांच्या सह्या लागतात, मालमत्ता कागदावर एकाच्याच नावे असली तरी. आईबापाला मृत्युपत्राने सगळी मालमत्ता हवी तशी वाटता येत नाही, अर्धा भाग मुलांसारख्या सक्तीच्या वारसांसाठी राखीव असतो. आणि वारसांत वाटणी व्हायची ती इन्व्हेंटरीच्या, म्हणजे वारस आणि मालमत्तेची यादी करून वाटणी ठरवायच्या, कामकाजातून. जुन्या घराचे वारस लिस्बनपासून नैरोबीपर्यंत पसरलेले असतात. एकाची सही राहिली तरी घर घेणाऱ्याची झोप गेली.

अनुपमा_ठाणे

वाचनखूण साठवली. गोव्याचं काहीच माहीत नव्हतं.

दूरदेशी

मी अमेरिकेत. वडिलांचा डोंबिवलीत फ्लॅट होता, सोसायटीत नामनिर्देशन माझ्या नावे. वडील गेले, आई आधीच गेली होती. बहीण नाशिकला. विकायचा विचार आहे. नॉमिनी मी आहे म्हणजे मी एकट्याने सही केली तर चालेल ना? आणि येणं शक्य नाही, मामेभावाला कुलमुखत्यार देईन म्हणतो.

कोर्टाची पायरी

चालणार नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सहकार कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने आलेल्या कलम 154-ब-13 प्रमाणे नॉमिनीला कायदेशीर वारस ठरेपर्यंत तात्पुरता सभासद करून घेतात. मृत्युपत्र नसेल तर तुम्ही आणि बहीण निम्मे-निम्मे. एकतर दोघांनी मिळून विका, किंवा तिने नोंदणीकृत हक्कसोड करून दिली तर तुम्ही एकटे.

कुलमुखत्यारपत्र तिकडे भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या पद्धतीने अपोस्टिल करून पाठवा. ते महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत इथे मुद्रांक शुल्क भरून घ्यायचं, हे बहुतेक जण विसरतात आणि मग दस्ताच्या दिवशी दंडाची भानगड. पत्रात फ्लॅटचा क्रमांक, किमान किंमत आणि पैसे कोणत्या खात्यात जाणार ते लिहा. "सर्व अधिकार" असलं मोघम पत्र मामेभावालाच काय, सख्ख्या भावालाही देऊ नका.

शिवारकर

यात खरेदीदाराचीही एक गोम आहे. एरवी किंमत 50 लाख किंवा जास्त असेल तर तो 1 टक्का टीडीएस कापतो. विक्रेता अनिवासी असला की हा 1 टक्क्याचा नियम लागू नाही आणि 50 लाखांची सूटही नाही, कापायची रक्कम बरीच मोठी असते. प्रत्यक्ष नफ्याइतकाच कर कापला जावा असं वाटत असेल तर आयकर खात्याकडून कमी कपातीचा दाखला आधी आणावा लागतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून विसार घेण्याआधीच सीएशी बोला. बहिणीच्या हिश्श्याला ती निवासी असल्याने साधा नियम लागेल, तेव्हा दस्तात दोघांचे हिस्से आणि रकमा वेगवेगळ्या लिहून घ्या.

दूरदेशी

म्हणजे आधी सोसायटीत दोघांची नावं वारस म्हणून, मग दाखला, मग गिऱ्हाईक?

शिवारकर

हो, त्याच क्रमाने. आणि मालमत्ता कराच्या बिलावरही अजून वडिलांचंच नाव असेल, ते महापालिकेत बदलायला त्याच वेळी अर्ज द्या. त्यालाही मृत्यूचा दाखला आणि वारसांचे तेच कागद लागतात.